एका बादलीत खाडी मावत नाही
सौरज्वालांच्या रेडिओ लहरींच्या प्रतिमानांविषयी प्रस्तावना

राजापूर तालुक्यात नाटे गावचा यशवंतगड ज्या खाडीवर उभा आहे, त्या खाडीत भरतीला समुद्राचे खारे पाणी आत चढते आणि ओहोटीला ते नदीच्या गोड्या पाण्यासह बाहेर पडते. खारे पाणी जड म्हणून तळाशी, गोडे हलके म्हणून वर, आणि मधे दोन्हींची सरमिसळ. अशा पाण्याची बादली भरून, ढवळून तिचा खारेपणा मोजला तर एक आकडा हाती येतो. मोजणीत काही चूक नसते. तरीही तो खारेपणा वरच्या थराचा नसतो आणि तळाच्याही थराचा नसतो. बादली कोणत्या थरातून किती भरली, हे ठाऊक असल्याशिवाय त्या आकड्यावरून खाडीविषयी काही सांगता येत नाही. सौरज्वालेतून येणाऱ्या रेडिओ लहरींबाबत विज्ञानापुढे हीच अडचण आहे. दुर्बिणीत येते ती वेगवेगळ्या थरांतल्या उत्सर्जनाची एकत्र बेरीज, आणि आपल्याला हवे असते प्रत्येक थरातले चुंबकीय क्षेत्र. बेरजेवरून थरांकडे परत जाण्याची वाट प्रतिमानातून जाते. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. सूर्यावरचे चुंबकीय क्षेत्र मुळात गुंतागुंतीचे आहे, म्हणून प्रतिमानानेही तो गुंता अंगावर घेतला पाहिजे. मात्र त्या गुंत्यातली प्रत्येक गाठ निरीक्षणाला बांधलेली हवी.

आधी लहरी कशा निर्माण होतात ते पाहू. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर, म्हणजे दीप्तिगोलावर, जिथे सौर डाग असतात तिथून चुंबकीय क्षेत्ररेषा वर निघतात आणि प्रभाकिरीटात, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, कमानी करून दुसरीकडे खाली उतरतात. या रेषा पिळल्या जातात, एकमेकींत अडकतात आणि त्यांत ऊर्जा साठत जाते. मग अचानक त्या तुटून नव्याने जुळतात, साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते आणि तिचा मोठा वाटा इलेक्ट्रॉनांच्या वेगात उतरतो. हे इलेक्ट्रॉन कमानीतून धावताना क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतात, आणि गिरकी घेणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी टाकतो. क्षेत्राच्या दर गॉसमागे सेकंदाला 28 लाख गिरक्या, असा मंदगती इलेक्ट्रॉनाचा हिशेब आहे. 500 गॉसच्या क्षेत्रात त्या 140 कोटी होतात, म्हणजेच 1.4 गिगाहर्ट्झ. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्या वेगाने धावू लागला की सापेक्षतेमुळे त्याच्या गिरक्या थोड्या मंदावतात, पण त्याच्या लहरी मूळ वारंवारतेच्या दहापट, वीसपट, पन्नासपट अशा पट्ट्यांत पसरतात. सौरज्वालेचा हा रेडिओ वर्णपट बहुधा 5 ते 10 गिगाहर्ट्झच्या आसपास शिखर गाठतो, त्याचे कारण हे.

या चित्रातल्या मापांकडे जरा जवळून पाहावे. 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन 500 गॉसच्या क्षेत्रात जे वर्तुळ घेतो त्याची त्रिज्या सुमारे 2.2 सेंटीमीटर भरते. म्हणजे ते वर्तुळ लहान मुलीच्या बांगडीएवढे. ज्या कमानीत हा इलेक्ट्रॉन फिरतो तिची लांबी मात्र काही दहा हजार किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या कित्येक पट. बांगडीएवढ्या गिरक्या घेत तो कमानीच्या एका पायापासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाच्या एका अंशात पोहोचतो. वाटेत क्षेत्र कुठे तीव्र होते, कुठे सैलावते आणि रेषेची दिशा सतत वळत जाते. प्रत्येक ठिकाणची लहर त्या ठिकाणचे क्षेत्र सांगते, पण पृथ्वीवर साऱ्या लहरी एकदम येतात. निसर्गाने माहिती दिली आहे, पण ती एकत्र कालवून दिली आहे.

हे कालवण किती फसवे असते ते एका छोट्या हिशेबाने पाहता येते. इलेक्ट्रॉनांची संख्या ऊर्जेच्या चौथ्या घाताने घटत जाते असे धरू. अशा वेळी, जिथे स्रोत स्वतःच्या लहरी स्वतः शोषत नाही त्या उंच वारंवारतांना, जॉर्ज डल्क आणि केनेथ मार्श यांनी 1982 साली दिलेल्या प्रसिद्ध सूत्रांनुसार क्षेत्र दुप्पट झाले की उत्सर्जन सुमारे दहापट होते. आता कमानीच्या अर्ध्या भागात 200 गॉस आणि उरलेल्या अर्ध्यात 600 गॉस क्षेत्र आहे असे समजा. इलेक्ट्रॉनांची संख्या दोन्हीकडे सारखी, आणि ती आधीच माहीत आहे. तीव्र भाग सौम्य भागाच्या सुमारे 40 पट उजळ दिसेल. पूर्ण कमानीत एकच क्षेत्र आहे असे मानून कुणी उत्तर काढले, तर ते 490 गॉसच्या आसपास येईल. खरी सरासरी 400 आहे. 490 गॉसचे क्षेत्र त्या कमानीत कुठेच नाही. ही खाडीकाठची बादली. त्यात दिशेचाही भाग आहे. क्षेत्ररेषा आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असताना जे उत्सर्जन दिसते, ते दोन्हींमधला कोन 30 अंश झाला की चौथ्या हिश्शाच्याही खाली येते. कमान वळते तसा हा कोनही वळतो. सारांश, क्षेत्राचा आकार बाजूला ठेवून क्षेत्राची तीव्रता काढता येत नाही.

निरीक्षणेही तेच सांगतात. एकसारख्या स्रोताचे गणित केले तर शिखराच्या अलीकडे, खालच्या वारंवारतांना, वर्णपट बराच उभा चढला पाहिजे. प्रत्यक्षात अनेक ज्वालांचा चढ त्याहून सपाट असतो आणि शिखरही रुंद असते. त्याचे स्वाभाविक स्पष्टीकरण असे की वेगवेगळ्या क्षेत्रांतले, वेगवेगळ्या आकारांचे भाग आपापली शिखरे घेऊन एकमेकांवर पडलेले असतात. एकच एकसारखा स्रोत धरणाऱ्या प्रतिमानाला हा सपाटपणा सहज जुळवता येत नाही. गुंत्याची गरज संशोधकांच्या हौसेतून आलेली नाही, ती आकडेवारीतून आलेली आहे.

या विषयाच्या इतिहासात महाराष्ट्राचे एक पान आहे आणि ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1942 मध्ये, ब्रिटिश लष्कराच्या रडारांत गोंगाट होऊ लागला. शत्रूने रडार बंद पाडण्याची युक्ती काढली असा संशय आला. जेम्स हे यांनी तपास केला आणि हा गोंगाट सूर्यावरच्या एका मोठ्या डागसमूहाकडून येत असल्याचे ओळखले. पुढे भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी अॅलन मॅक्सवेल यांच्यासह टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथील निरीक्षणांत एक वेगळाच स्फोट टिपला आणि 1958 साली तो जगापुढे ठेवला. त्याची वारंवारता आधी उतरत जाते आणि मग पुन्हा चढते, आणि वारंवारता खालच्या दिशेने वाढत जाणाऱ्या आलेखावर इंग्रजी यू अक्षराचा उलटा आकार उमटतो. इलेक्ट्रॉनांचा पुंजका चुंबकीय कमानीवरून वर चढून पलीकडे उतरतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. 1962 साली त्याच स्वरूप यांनी जपानच्या काकिनुमा यांच्यासह सौर डागांवरच्या मंद बदलत्या सूक्ष्मलहरी उत्सर्जनाचे प्रतिमान मांडले. डागावरच्या चुंबकीय क्षेत्रात ज्या थरावर लहरींची वारंवारता इलेक्ट्रॉनाच्या गिरकीच्या दुप्पट किंवा तिप्पट होते तो थर उजळतो, हा त्यामागचा विचार. सोव्हिएत संघात झेलेझ्न्याकोव्ह त्याच सुमारास तिथेच पोहोचत होते.

स्वरूप 1963 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे सूर्य पाहण्यासाठी वापरलेल्या सहा फुटी 32 तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या होत्या. त्या दिल्लीत पडून होत्या, त्यांना कल्याणला आणले गेले. 24 तबकड्या पूर्व-पश्चिम 630 मीटरवर, 8 दक्षिणोत्तर 256 मीटरवर अशी मांडणी झाली आणि 1965 पासून 610 मेगाहर्ट्झवर कल्याणची ही दुर्बीण सूर्य पाहू लागली. शांत सूर्याच्या प्रभाकिरीटाचे तापमान आणि रेडिओ बिंबावरची तेजाची वाटणी हे तिचे विषय होते. पुढे उटीची रेडिओ दुर्बीण आणि नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय मीटरलहरी दुर्बीण उभ्या राहिल्या, आणि या साऱ्या कामाची मुळे कल्याणच्या त्या सहा फुटी तबकड्यांत आहेत. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राने पहिली पावले सूर्याकडे पाहत टाकली, आणि त्या पावलांमागे निरीक्षण आणि प्रतिमान दोन्ही जाणणारा एक माणूस होता.

त्या काळच्या प्रतिमानांत क्षेत्राचे चित्र सुटसुटीत ठेवावे लागे. हाताने किंवा लहान संगणकावर त्यापुढचे गणित पेलत नसे. आज पद्धत वेगळी आहे. 2010 साली सोडलेली सौर गतिकी वेधशाळा दीप्तिगोलावरचे चुंबकीय क्षेत्र, त्याच्या दिशेसह, दिवसरात्र मोजते. त्या नकाशावरून वरच्या प्रभाकिरीटातले क्षेत्र गणिताने उभे केले जाते. क्षेत्ररेषांच्या जाळ्यातून ज्वालेची कमान किंवा कमानी निवडल्या जातात. त्यांत इलेक्ट्रॉन किती, कोणत्या ऊर्जेचे, कमानीच्या माथ्याशी जास्त की पायाशी, आणि कोणत्या कोनाने धावणारे, हे मांडले जाते. मग आकाशातल्या दर चौकोनासाठी दृष्टिरेषेवरून एक एक घन घेत उत्सर्जन आणि शोषण यांचा हिशेब होतो. 2010 साली ग्रेगरी फ्लाइशमन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी हा हिशेब भराभर करणारी सूत्रे दिली. त्यामुळे पूर्वी न परवडणारी त्रिमितीय प्रतिमाने सामान्य संगणकाच्या आवाक्यात आली. शेवटी एक काल्पनिक रेडिओ चित्र तयार होते आणि ते दुर्बिणीने घेतलेल्या खऱ्या चित्रापुढे ठेवले जाते. जुळले तर पुढे, न जुळले तर मांडणी बदलायची.

या पद्धतीचे फळ एका उदाहरणात दिसते. सप्टेंबर 2017 मध्ये 12673 क्रमांकाच्या क्रियाशील क्षेत्रात एकापाठोपाठ मोठ्या ज्वाला झाल्या. जपानच्या नोबेयामा दुर्बिणीच्या 34 गिगाहर्ट्झच्या चित्रांवरून आणि क्षेत्राच्या प्रतिमानावरून प्रभाकिरीटाच्या तळाशी सुमारे 4,000 गॉसचे क्षेत्र असल्याचे दाखवले गेले. तिथे इतके तीव्र क्षेत्र यापूर्वी नोंदले गेले नव्हते. यातला भागाकार साधा आहे. गिरकीच्या तिप्पट वारंवारतेचा थर धरून 34 ला 3 ने भागा, आलेल्या उत्तराला दर हजार गॉसच्या 2.8 गिगाहर्ट्झने भागा, की 4,000 गॉस येतात. 1962 सालचाच हा विचार आहे. मात्र तिप्पटच का धरायची आणि तो थर किती उंचीवर आहे, हे सांगायला पूर्ण क्षेत्राचे चित्र लागले. त्याच क्रियाशील क्षेत्रातून 10 सप्टेंबर 2017 रोजी उसळलेल्या ज्वालेची चित्रे कॅलिफोर्नियातील ओवेन्स व्हॅली येथील दुर्बीणसमूहाने अनेक वारंवारतांवर एकाच वेळी घेतली. प्रत्येक ठिकाणाचा वर्णपट वेगळा काढता आला, आणि प्रभाकिरीटातले क्षेत्र सुमारे दोन मिनिटे सेकंदाला पाच गॉस या गतीने विरत असल्याचे 2020 साली प्रसिद्ध झाले. चुंबकीय ऊर्जा ज्वालेला पुरवली जाते हे पूर्वी तर्काने म्हटले जाई. आता ती ऊर्जा संपताना मोजली गेली.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. मांडणी बदलण्याच्या इतक्या चाव्या हाती असल्या तर कोणतेही चित्र जुळवता येईल, मग जुळण्याला किंमत काय? एका वारंवारतेवरच्या एका आकड्याशी जुळवायचे असेल तर हा आक्षेप पूर्ण खरा आहे. मात्र आजची तुलना एका आकड्याशी होत नाही. दहावीस वारंवारतांवरची चित्रे, डाव्या-उजव्या ध्रुवणातला फरक, त्याच इलेक्ट्रॉनांनी दीप्तिगोलाजवळ आदळून निर्माण केलेले क्ष-किरण आणि अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या कमानी यांना एकाच मांडणीने उत्तर द्यावे लागते. ध्रुवण क्षेत्राची दिशा सांगते, क्ष-किरण इलेक्ट्रॉनांची संख्या सांगतात आणि अतिनील चित्र कमानीचा आकार सांगते. प्रत्येक निरीक्षण एक चावी काढून घेते. ज्या प्रतिमानात चाव्या जास्त आणि निरीक्षणे कमी, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हा नियम वाचकाने पुढची पाने वाचतानाही लावावा.

दुसरा आक्षेप क्षेत्राच्या नकाशाविषयी आहे. दीप्तिगोलावरून वरचे क्षेत्र उभे करताना चुंबकीय बलाशिवाय बाकी बले नगण्य आहेत असे धरले जाते. प्रभाकिरीटात ते बहुतेक खरे आहे, पण ज्या दीप्तिगोलावरून सुरुवात होते तिथे ते खरे नाही. शिवाय नकाशा ज्वालेच्या आधीच्या शांत घटकेचा, आणि ज्वालेचे काम तर क्षेत्र बदलणे हेच. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. तरी त्यावरून प्रतिमान सोडून द्यावे असे ठरत नाही. चूक कुठे दिसेल हे सांगणारे प्रतिमान चुकले तरी शिकवून जाते. काल्पनिक चित्रात कमानीचा माथा उजळ आला आणि खऱ्यात पाय उजळ दिसले, तर नकाशातले क्षेत्र किंवा इलेक्ट्रॉनांची मांडणी, यांपैकी काय बदलले पाहिजे ते शोधता येते. एकसारख्या स्रोताचे प्रतिमान असे चुकूही शकत नाही, कारण त्यात माथा आणि पाय नसतातच.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा, आणि किनाऱ्यावरच्या वाचकाच्या मनात तो येणारच. हे सारे कोकणाला कशाला? 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर ज्वाला पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत हाताने घेतलेल्या नोंदींत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी खाली आलेला सापडतो. त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजही जग या नोंदींकडे वळते. विजेच्या ट्रामगाड्यांचा व्यत्यय टाळण्यासाठी ती चुंबकीय वेधशाळा 1904 साली अलिबागला, म्हणजे कोकणातच, हलवली गेली. चुंबकीय वादळ तासांनी येते, रेडिओ लहरी मात्र प्रकाशाबरोबर आठ मिनिटांत पोहोचतात. 6 डिसेंबर 2006 रोजी सूर्याचा रेडिओ गोंगाट 1.4 गिगाहर्ट्झला शांत सूर्याच्या हजारो पट झाला, आणि पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे जीपीएस संच उपग्रहांचा माग सोडू लागले. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. नाटे बंदरातून निघणारा तांडेल जागा धरून जाळे टाकतो ते आता जीपीएसच्या भरवशावर, आणि त्याचा संकेत 1.575 गिगाहर्ट्झवर येतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 2006 सारखे प्रचंड स्फोट सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गिरक्यांतून येत नाहीत. त्यांत इलेक्ट्रॉन एका तालात लहरी टाकतात, आणि वर सांगितलेले प्रतिमान त्यांना लागू पडत नाही. पण तो ताल कुठे आणि कधी धरला जाईल, हेही त्याच गुंतागुंतीच्या क्षेत्रावर आणि त्याच इलेक्ट्रॉनांवर अवलंबून आहे. पाया एकच आहे.

चौथी शंका आपल्या साधनांची. खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 1.45 गिगाहर्ट्झपर्यंतच पाहतात, आणि ज्वालांचे शिखर त्याच्या बरेच वर. मग इथे बसून हा अभ्यास कसा व्हावा? एक तर खालच्या वारंवारतांनाही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन वाइडफील्ड अॅरेच्या निरीक्षणांतून, शांत सूर्यावरही क्षीण आणि क्षणभंगुर रेडिओ उत्सर्जने ठायी ठायी होत असल्याचे 2020 साली दाखवले. शिवाय निरीक्षणे आता एका देशाच्या कुंपणात राहिलेली नाहीत. ओवेन्स व्हॅलीची माहिती खुली आहे, सौर गतिकी वेधशाळेची खुली आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या आदित्य-एल1 वर क्ष-किरण मोजणारी भारतीय उपकरणे आहेत, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राने घडवली आहे. रेडिओ, क्ष-किरण आणि अतिनील यांना एकाच प्रतिमानात बांधायचे काम तबकडीच्या आकारावर अडत नाही. ते गणितावर, संगणकावर आणि चिकाटीवर अडते. कल्याणच्या तबकड्याही दुसऱ्यांनी वापरून झालेल्याच होत्या.

पुढची पाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एक विनंती आहे. सौरज्वालेतले क्षेत्र इतके गॉस, इलेक्ट्रॉन इतके, असे वाक्य जिथे भेटेल तिथे थांबा. कमान कोणत्या आकाराची धरली, इलेक्ट्रॉन कुठे ठेवले, किती निरीक्षणांशी ताळा घेतला, हे तीन प्रश्न विचारा. 490 गॉसचा हिशेब कागदावर स्वतः करा आणि मग 200 व 600 ऐवजी दुसरे आकडे घालून पाहा. कमानीतला फरक जितका वाढवाल तितके एकाच क्षेत्राचे उत्तर खऱ्या सरासरीपासून दूर सरकताना दिसेल. ते एकदा स्वतःच्या हाताने पाहिले की हा गुंता कशासाठी, हे वेगळे सांगावे लागणार नाही.